टीएसएच नॉर्मल, अँटी-टीपीओ वाढलेला आणि अंगावर रोज पित्त: थायरॉईडची गोळी घ्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३४. आठ महिने झाले, जवळजवळ रोज अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, दोनदा ओठ सुजले. ॲलर्जीच्या तपासण्यांत हाती काही लागलं नाही. मग कोणीतरी थायरॉईड बघायला सांगितलं. टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) ३.१ आला, म्हणजे नॉर्मल. पण अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं, ६४०, आणि लॅबची वरची मर्यादा ३४. एका डॉक्टरांनी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनची गोळी, लिहून दिलं, दुसरे म्हणाले की थायरॉईडचा आणि पित्ताचा काही संबंध नाही. कोणाचं ऐकायचं?

दोघांचं अर्धं अर्धं ऐका. संबंध आहे, चांगला भक्कम आहे. पण संबंध आहे म्हणून थायरॉक्सिन घ्यायचं, हे मला पटत नाही. ते का, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

आधी शब्दाचा घोळ. आपण छातीत जळजळतं त्यालाही पित्त म्हणतो आणि अंगावर उठतं त्यालाही. त्यामुळे माझ्याकडे येणारे कितीतरी लोक आधी महिना-दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन आलेले असतात. पोटातल्या आम्लाने अंगावर गांध उठत नाही. त्वचेत मास्ट पेशी असतात, त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या पिशव्या भरलेल्या असतात. पेशी चिडली की पिशव्या रिकाम्या होतात, आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि तेवढी जागा फुगते. हेच त्वचेच्या खालच्या थरात झालं की ओठ, पापणी सुजते. सहा आठवड्यांहून जास्त काळ चाललं आणि थंडी, दाब, ऊन असं ठरावीक निमित्त सापडलं नाही, तर आम्ही त्याला क्रॉनिक स्पॉन्टेनियस अर्टिकेरिया म्हणतो. पुढे मी नुसतं ‘जुनं पित्त’ म्हणेन.

थायरॉईडकडे वळण्याआधी एक गोष्ट घरी करून बघा. मी दवाखान्यात हे नेहमी करतो. ताजी उठलेली एक गांध निवडायची, तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढायची, बाजूला वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघायचं. साध्या पित्तात रेघेच्या आतली कातडी कोरी असते. गांध विरलेली असते आणि भलतीकडेच नवीन उठलेली असते. रोजच्या धांदलीत पेशंटला वाटतं की तीच गांध चार दिवस आहे, पण पेनची रेघ खरं काय ते सांगते. २४ तास उलटूनही गांध तिथेच असली, खाजेपेक्षा आग किंवा दुखरेपणा जास्त असला, जाताना मुका मार लागल्यासारखा डाग राहिला, तर प्रकरण वेगळं. तिथे रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका येते आणि त्वचेचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. त्या वाटेने जायचं असेल तर अँटी-टीपीओचा आकडा काही कामाचा नाही.

आता थायरॉईड. थायरॉईडविरुद्ध शरीरच प्रतिपिंडं तयार करतं, हे १९५६ साली रॉइट आणि डोनियाख यांच्या गटाने हाशिमोटो या थायरॉईडच्या आजाराच्या रुग्णांत दाखवलं. पित्ताशी त्याची जोडी ठळकपणे पुढे आली ती १९८३ मध्ये, लेझ्नॉफ यांच्या कामातून. १९८९ मध्ये त्यांनी आणि ससमन यांनी जुन्या पित्ताच्या ६२४ रुग्णांची नोंद छापली. त्यांतल्या ९० जणांत, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास, थायरॉईडचा ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच उलटल्याने होणारा) त्रास होता.

इथे एक शहाणा वाचक मला अडवेल, आणि अडवावंच. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत थायरॉईडचा आजार नसलेल्या सर्वसामान्य लोकांतही ११ टक्क्यांना अँटी-टीपीओ सापडला आहे, बायकांत त्याहून जास्त. मग १४ आणि ११ मध्ये असा काय मोठा फरक? मुद्दा असा की जुन्या काळातली तपासणीची पद्धत बोथट होती, आजची तीक्ष्ण आहे. दोन्ही आकडे शेजारी मांडता येत नाहीत. तुलना करायची तर एकाच मापाने मोजलेली हवी. तशी ती २०१२ मध्ये इस्रायलमधून आली. जुन्या पित्ताचे १२,७७८ रुग्ण एका बाजूला, पित्त नसलेले लोक दुसऱ्या बाजूला. हायपोथायरॉईडिझम (थायरॉईड कमी पडणं) पित्तवाल्यांत ९.८ टक्के, दुसरीकडे ०.६ टक्के. आणि पित्तानंतरच्या दहा वर्षांत या रुग्णांमध्ये थायरॉईडचे आणि इतरही ऑटोइम्यून आजार निघत गेले. म्हणजे बऱ्याचदा पित्त आधी येतं आणि थायरॉईड मागून.

तरी ११ टक्के लोकांत हा आकडा असाच वाढलेला असतो, हे विसरू नका. वाढलेला अँटी-टीपीओ असलेली आणि आयुष्यात कधी अंगावर गांध न उठलेली माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. तेवढ्यावरून ‘कारण सापडलं’ असं म्हणता येत नाही.

मग हा आकडा नेमकं काय सांगतो? मला या विषयातला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो, म्हणून जरा रेंगाळतो.

मास्ट पेशी म्हणजे चाप ओढून ठेवलेला सापळा. तिच्या अंगावर एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे चिकटायची खाच) असतो, त्या ग्राहकात आयजीई नावाची प्रतिपिंडं रोवलेली असतात. चाप दोन तऱ्हांनी सुटतो. पहिली तऱ्हा ॲलर्जीसारखीच, फक्त शत्रू बाहेरचा नसून घरचा. शरीराने स्वतःच्याच एखाद्या प्रथिनाविरुद्ध आयजीई बनवलेलं असतं. ते प्रथिन येऊन चिकटलं की सापळा उडतो. टीपीओ हे असंच एक घरचं प्रथिन. ते थायरॉईडमध्ये हार्मोन तयार करणारं एन्झाइम आहे. २०११ मध्ये बर्लिनच्या गटाने जुन्या पित्ताचे ४७८ रुग्ण तपासले, तर निम्म्याहून जास्त लोकांत टीपीओविरुद्धचं आयजीई वाढलेलं होतं. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात तर टीपीओ त्वचेत टोचल्यावर काही रुग्णांना तिथेच गांध उठलेली दिसली. थायरॉईड गळ्यात आणि गांध मांडीवर कशी, या प्रश्नाचं हे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर आहे.

पण थांबा. तुमच्या रिपोर्टवरचा ६४० हा आयजीईचा आकडा नाही. नेहमीच्या लॅबमध्ये अँटी-टीपीओ म्हणून जे मोजतात ते आयजीजी असतं, वेगळ्या जातीचं प्रतिपिंड. आयजीई जातीचा अँटी-टीपीओ संशोधनाच्या प्रयोगशाळेत मोजतात, तो रोजच्या वापरात नाही. हा फरक रुग्णांना कोणी समजावून सांगत नाही, आणि इंटरनेटवर वाचलेलं एकाचं दुसऱ्याला लावलं जातं.

दुसरी तऱ्हा या आयजीजीच्या जवळची. इथे शरीर मास्ट पेशीच्या त्या ग्राहकाविरुद्धच, किंवा ग्राहकात बसलेल्या आयजीईविरुद्ध, आयजीजी तयार करतं आणि सापळा थेट हाताने उडवतं. ग्राहकाविरुद्धची प्रतिपिंडं १९९३ मध्ये हिदे, ग्रीव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. हा खरा ऑटोइम्यून गट. पित्ताच्या रुग्णांत तो लहान आहे, पण हट्टी. ज्यांचं शरीर असली प्रतिपिंडं बनवतं त्यांचं थायरॉईडविरुद्धही बनवत असण्याची शक्यता जास्त. म्हणजे इथे तुमचा अँटी-टीपीओ गुन्हेगार नाही, गुन्हेगाराच्या ओळखीतला आहे. पोलिसांना त्याचा उपयोग होतो तो तेवढाच, पण होतो.

कसा होतो? एकूण आयजीई त्याच्या जोडीला मोजायचं. अँटी-टीपीओ चढा आणि एकूण आयजीई अगदी खाली, अशी जोडी दिसली की दुसऱ्या तऱ्हेचा, ऑटोइम्यून गटाचा संशय बळावतो. या लोकांना साध्या गोळ्यांचा गुण कमी येतो, ओमालिझुमॅबचं (आयजीईला अडवणारं) इंजेक्शन उशिरा लागू पडतं किंवा पडतच नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनला प्रतिसाद तुलनेने बरा मिळतो. आयजीई भरपूर असेल तर ओमालिझुमॅबवर लवकर फरक दिसण्याची आशा जास्त. जुन्या पित्ताच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही तज्ज्ञांकडच्या तपासणीत या दोन चाचण्यांची जोडी सुचवली आहे, बाकी सगळ्यांना फक्त साधा रक्तगणनेचा रिपोर्ट आणि सीआरपी किंवा ईएसआर या दाह दाखवणाऱ्या चाचण्या. शंभर पदार्थांचं ॲलर्जी पॅनेल त्या यादीत नाही. ते तुम्ही करून बसला आहात, जाऊ द्या. एकूण आयजीई मात्र अजून झालेलं नसेल तर करून घ्या, आणि ओमालिझुमॅब सुरू होण्याआधी करा. इंजेक्शननंतर तो आकडा आपोआप फुगतो, मग त्यावरून काही कळत नाही.

आता थायरॉक्सिन. ही कल्पना कुठून आली ते सांगतो. नव्वदच्या दशकात काही छोट्या नोंदी छापल्या गेल्या. थायरॉईडचं काम नॉर्मल पण प्रतिपिंडं वाढलेली, अशा मोजक्या रुग्णांना थायरॉक्सिन दिलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं पित्त शमलं. ऐकायला छान आहे. पण तुलनेला गोळी न दिलेला गट बहुतेकांत नव्हता, आणि जुनं पित्त हा आजारच असा आहे की तो आपल्या मर्जीने येतो, आपल्या मर्जीने जातो. पेशंट डॉक्टरकडे येतो तेव्हा त्रास शिगेला असतो. त्यानंतर काहीही दिलं तरी काही जणांना बरं वाटणारच. पुढच्या अभ्यासांत निकाल उलटसुलट आले. टीएसएच नॉर्मल असताना निव्वळ पित्तासाठी थायरॉक्सिन द्यावं इतकं त्यात बळ नाही.

आणि ती गोळी निरुपद्रवी आहे, असंही नाही. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, तुमच्यासारखाच रिपोर्ट. दुसरीकडे थायरॉक्सिन सुरू झालेलं. पित्त थांबेना म्हणून डोस दोनदा वाढलेला. समोर बसल्या तेव्हा हाताला बारीक कंप, तळवे ओले, नाडी १०८. रात्री झोप नाही. घाम आला, अंग तापलं की गांधी जास्त, असं त्याच सांगत होत्या. टीएसएच मोजला तर जवळजवळ शून्याला टेकलेला. गोळी बंद केली, पित्ताची रोजची गोळी नीट मांडून दिली. छातीतली धडधड महिन्याभरात गेली. पित्त जायला मात्र आणखी सात महिने लागले, आणि ते थायरॉक्सिन बंद केल्यामुळे गेलं असा दावा मी करणार नाही.

टीएसएच खरोखर वाढलेला असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा थायरॉक्सिन थायरॉईडसाठी द्यायचं, नेहमीच्या नियमाने. १० च्या वर गेला तर बहुतेक वेळा देतातच. त्याखाली वय, लक्षणं, गर्भधारणा असं बघून ठरतं. अशा काही रुग्णांचं पित्तही त्यासोबत निवळतं. निवळलं तर आनंद, नाही निवळलं तर गोळी चुकली असं नाही. तिचं काम वेगळं होतं.

तुम्ही काय करायचं, तर वर्षातून एकदा टीएसएच. थकवा, वजन, पाळी, आवाज यांत बदल जाणवला तर आधीच. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम गावच्या लोकांवर वीस वर्षं लक्ष ठेवलेला अभ्यास आहे: टीएसएच नॉर्मल आणि फक्त प्रतिपिंडं वाढलेली असलेल्या बायकांपैकी वर्षाला २.१ टक्के हायपोथायरॉईड झाल्या. टीएसएच आणि प्रतिपिंडं दोन्ही वाढलेलं होतं त्यांच्यात ४.३ टक्के. म्हणजे घाबरण्यासारखं नाही आणि विसरून जाण्यासारखंही नाही. अँटी-टीपीओ पुन्हा पुन्हा मोजू नका. ६४० चा ४८० झाला म्हणून पित्त सुधारलं असं नसतं, आणि ९०० झाला म्हणून बिघडलं असंही नाही. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर मात्र हा रिपोर्ट त्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा. प्रतिपिंडं असताना गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात टीएसएच साधारण दर चार आठवड्यांनी बघतात.

जाता जाता: केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी आधी, आणि लॅबला सांगा. काही यंत्रांत त्याने टीएसएच खोटा कमी आणि थायरॉईड हार्मोन खोटे जास्त दिसतात. धडधाकट माणसाला हायपरथायरॉईडचा (थायरॉईड जास्त चालत असल्याचा) शिक्का बसलेला मी पाहिला आहे.

उलट बाजूनेही गल्लत होते. थायरॉईडच्या आजारात नुसती खाज सुटू शकते. कमी असेल तर कातडी कोरडी पडून, जास्त असेल तर अंग गरम राहून. ती खाज म्हणजे पित्त नव्हे, गांध दिसायला हवी. आणि हायपरथायरॉईडसाठी कार्बिमाझोल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर उठलं, तर आधी औषधाकडे बोट दाखवावं, प्रतिपिंडांकडे नंतर. थायरॉक्सिनच्या गोळीतल्या रंगाने किंवा पूरक घटकाने क्वचित असं होतं.

राहता राहिले पित्ताचे उपचार. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, आणि थायरॉईडच्या गडबडीत हेच मागे पडतं. झोप न आणणारी नवीन अँटीहिस्टामिन गोळी रोज घ्यायची. उठलं की घेतली, नाही उठलं की सोडली, असं नाही. हिस्टामिन बाहेर पडल्यावर गोळी धावत येऊन फारसं करू शकत नाही. ती आधीच जागा अडवून बसलेली असावी लागते. माझ्याकडे ‘गोळ्यांचा गुण येत नाही’ म्हणून येणाऱ्यांतले बरेच जण आठवड्यात तीनच गोळ्या घेत असतात. दोन ते चार आठवडे नियमाने घेऊन भागलं नाही तर डॉक्टर तीच गोळी दुप्पट, अगदी चौपटपर्यंत नेतात. हे पाकिटावरच्या डोसपेक्षा जास्त आहे, म्हणून आपल्या मनाने करू नका, पण डॉक्टरांनी लिहिलं तर दचकूही नका.

त्यानेही भागलं नाही तर ओमालिझुमॅब, ३०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी. तुमचं आयजीई कमी निघालं तरी ते बाद ठरत नाही, फक्त धीर जास्त धरायचा. मी सहा महिने दिल्याशिवाय ‘लागू पडलं नाही’ असं म्हणत नाही. त्यापुढे सायक्लोस्पोरिन, रक्तदाब आणि किडनीवर नजर ठेवून. २०२५ मध्ये अमेरिकेत ड्युपिलुमॅब आणि रेमिब्रुटिनिब यांनाही या आजारासाठी मान्यता मिळाली आहे. स्टेरॉईडच्या गोळ्या भडका उडाला तर आठवडाभर, बस. महिनोन्‌महिने स्टेरॉईडवर असलेला पित्ताचा पेशंट सोडवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात लांबणारं काम आहे.

दुखण्यावर तुम्ही कोणती गोळी घेता तेही बघा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या जातीच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांचं जुनं पित्त उसळतं. पॅरासिटामॉल सहसा चालतं. ओठ सुजले होते म्हणून आणखी एक विचारतो: रक्तदाबाची, नाव ‘प्रिल’ने संपणारी गोळी चालू आहे का? असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा; तिच्यामुळेही ओठ-जीभ सुजते, आणि ती सूज अँटीहिस्टामिनने उतरत नाही. कारण कोणतंही असो, जीभ सुजली, आवाज बदलला, गिळताना किंवा श्वास घेताना अडलं, तर रिपोर्ट शोधत बसायचं नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं.

हे किती दिवस चालणार, हे तुम्ही विचारलं नाही, पण सगळ्यांच्या मनात असतं. बहुतेकांचं एक ते पाच वर्षांत आपोआप थांबतं. प्रतिपिंडं असलेल्यांचं थोडं लांबण्याकडे कल असतो. मी दर भेटीत चार प्रश्नांची अर्टिकेरिया कंट्रोल टेस्ट भरून घेतो. १६ पैकी १२ च्या खाली असाल तर उपचार अपुरे. पूर्ण १६ गुण सलग तीन महिने टिकले की चार गोळ्यांच्या तीन, मग दोन, असं उतरवत जातो. मध्येच गांधी परत दिसल्या तर एक पायरी वर चढायचं आणि तिथे पुन्हा तीन महिने थांबायचं.